नेतृत्वाचे स्तर आणि भाषा

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुक्यातही ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद हे त्याचे तीन स्तर होत. स्तरागणिक नेतृत्वाची भाषा पालटते. ग्रामसभेत वऱ्हाडीत ‘आमच्या नयाले पानी नाई’ असे मांडलेले गाऱ्हाणे ठरावात ‘पाणीपुरवठा करण्यात यावा’ असे उतरते. ‘आमच्या’ हा शब्द, आणि त्याबरोबर बोलणाराही, नाहीसा होतो. २०११ मध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या. परंतु सरपंच स्त्रीच्या वतीने पतीच बोलू लागला, तर पद मिळूनही नेतृत्व घडत नाही. म्हणून बोलीतील गाऱ्हाणे स्वतः ठरावात मांडण्याचा सराव हा नेतृत्वशिक्षणाचा पाया मानावा लागतो.