ग्राहकास स्वयंचलित संदेश : यंत्राची तत्परता आणि व्यापाऱ्याचा विवेक

बेगम बाजारातील घाऊक व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक केवळ हैदराबादपुरते नसते. जहीराबाद, बीदर, नांदेड येथील किरकोळ दुकानदारही त्याच्या खात्यावर असतात. माल रवाना झाल्याची वर्दी आणि उधारीची आठवण ही कामे पूर्वी मुनीमजींचे पोस्टकार्ड करीत असे. सांप्रत ती संगणकप्रणालीकडे सोपविता येतात. मुंबईत उदयास आलेल्या नेटकोअर, क्लेव्हरटॅप आदी कंपन्या मोठ्या व्यवसायांना अशा प्रणाली पुरवितात. त्यांमागील तत्त्व साधे असून लहान पेढीनेही ते जाणून घ्यावे, या हेतूने आम्ही येथे त्याचे विवरण करीत आहोत.

अशा प्रणालीत चार गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली निमित्त, म्हणजेच ‘ट्रिगर’ : बिल झाले, माल लॉरीवर चढला, उधारीची मुदत जवळ आली, अशी एखादी नोंद. दुसरी अट : येणे शिल्लक असेल तरच. तिसरी अवधी : नोंद होताच, की काही दिवसांनी. चौथी, आणि बहुधा विसरली जाणारी, विराम : काय घडले असता पुढील संदेश थांबावेत.

समजा, ३० दिवसांच्या उधारीवर ४०,००० रुपयांचा माल दिला. बिल होताच पहिला संदेश जावा. बिल्टी मिळताच तिचा क्रमांक कळविणारा दुसरा. आणि २७ व्या दिवशी येणे शिल्लक असल्यास सौम्य स्मरण. आता २५ व्या दिवशी तो दुकानदार स्वतः येऊन रोख रक्कम भरून गेला, परंतु जमा चढवावयाची राहिली, तर २७ व्या दिवशी यंत्र तगादा पाठविणारच. यंत्रास वहीत दिसते तेवढेच कळते. रक्कम चुकती करूनही तगादा आला, तर वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक दुखावते आणि पेढीच्या हिशेबाविषयी शंका घेऊ लागते. यास्तव जमा त्याच दिवशी चढवावी, आणि स्मरण निघण्यापूर्वी शिल्लक पुन्हा तपासली जाईल अशी योजना करावी. तसेच दुरुस्त केलेले बिल प्रणालीने नवे निमित्त समजू नये, म्हणून एका बिल क्रमांकास एकच संदेश हा निर्बंध घालावा.

कायद्याचीही मर्यादा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यवसायासाठी एसएमएस पाठविणाऱ्यास आपली संस्था, प्रेषकनाम व मजकुराचा नमुना डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास मोकळे उत्तर देता येते. त्यानंतर केवळ मंजूर नमुनाच पाठविता येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती मागे घेणेही सुलभ असावे, हे त्यातील एक सूत्र आहे. म्हणून बिलासाठी घेतलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरण्यापूर्वी ग्राहकास विचारावे.

आपल्या आगमांत साधूंसाठी भाषासमिती सांगितली आहे : बोलणे हितकर, मोजके व निःसंदिग्ध असावे. श्रावक व्यापाऱ्यानेही प्रत्येक संदेशास हीच कसोटी लावावी. हा संदेश ग्राहकाच्या उपयोगाचा आहे काय? एकात भागत असता तीन तर जात नाहीत ना? आणि त्यातील प्रत्येक आकडा खरा आहे काय?

बिल, बिल्टी व मुदत यांची वर्दी यंत्राने खुशाल द्यावी. परंतु संवत्सरीची अथवा क्षमावणीची क्षमायाचना हजार क्रमांकांवर एकदम रवाना करून आपले कर्तव्य संपले, असे मानू नये. वर्षभरात ज्याच्याशी खरोखर बोलाचाली झाली असेल, त्याच्या दुकानाची पायरी व्यापाऱ्याने स्वतःच चढावी, असे आमचे नम्र मत आहे.