पोषण व आरोग्य शिक्षणातील पर्यवेक्षित क्षेत्रकार्य

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने कमी उंचीची, १९.३ टक्के बालके उंचीच्या मानाने कमी वजनाची, तर ३२.१ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. छत्तीसगडमध्ये हे प्रमाण अनुक्रमे ३४.६, १८.९ व ३१.३ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.२, २५.६ व ३६.१ टक्के होते. या आकड्यांमागील कुटुंबांची स्थिती समजून घेण्याची पद्धतशीर वाट म्हणजे क्षेत्रकार्य होय. अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली, निश्चित उद्दिष्ट ठेवून, विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊन केलेल्या अभ्यासास व सेवेस पर्यवेक्षित क्षेत्रकार्य म्हणतात.

सेवाग्रामचा आदर्श

डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्राम (जि. वर्धा) येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथे वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. प्रथम वर्षात गावात निवासी शिबिर होते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि पुढेही त्याच कुटुंबांशी संपर्क ठेवला जातो. एकदाच भेट देऊन माहिती गोळा करणे आणि पुन्हा पुन्हा त्याच घरी जाणे यांतील फरक या पद्धतीतून स्पष्ट होतो. गृहविज्ञान व पोषणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांसही हे तत्त्व तितकेच लागू पडते.

वस्तीची ओळख

क्षेत्रकार्याचा पहिला टप्पा वस्ती जाणून घेण्याचा असतो. रायपूर रेल्वे स्थानकाच्या पलीकडील, घाऊक किराणा व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गुढियारी परिसराचे उदाहरण घेऊ. अशा भागात काम करावयाचे झाल्यास हमाली वा रोजंदारी करणारी कुटुंबे घरी केव्हा भेटतात, पाणी कोठून येते, आई कामावर गेल्यावर बालकाला कोण भरवते, हे आधी समजून घ्यावे लागते. अंगणवाडी सेविका व मितानीन या येथील स्वाभाविक मार्गदर्शक ठरतात. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. २०२१-२२ पासून ती ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ मध्ये समाविष्ट आहे. छत्तीसगडचा मितानीन कार्यक्रम २००२ मध्ये, म्हणजे देशभरात ‘आशा’ योजना येण्यापूर्वीच, आरंभला गेला होता.

मोजमापातील अचूकता

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित, तर ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित गणले जाते. पट्टी किंचित घट्ट वा सैल धरली तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि बालकाची वर्गवारी बदलते. परिणामी उपचारास पात्र असलेले बालक यादीबाहेर राहू शकते.

दोन वर्षांखालील बालकाची लांबी झोपवून मोजतात, त्यापुढील बालकाची उंची उभे करून. वजनकाटा प्रत्येक वेळी शून्यावर आणणे आवश्यक असते. वयाची नोंद जन्म प्रमाणपत्र अथवा माता-बाल संरक्षण कार्डावरून करावी, कारण वयानुसार उंची व वयानुसार वजन हे दोन्ही निर्देशांक वय चुकल्यास चुकतात; उंचीनुसार वजन मात्र वयाच्या अचूकतेवर फारसे अवलंबून नसते. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. मागील चोवीस तासांतील आहार विचारताना घरातीलच वाटी, पळी दाखवून प्रमाण ठरवावे. सणाचा वा उपवासाचा दिवस त्यासाठी निवडू नये.

पर्यवेक्षकाची भूमिका

काही बालकांची मोजमापे पर्यवेक्षकाने स्वतः पुन्हा घेऊन विद्यार्थ्यांच्या नोंदींशी ताडून पाहावीत. चुका त्याच दिवशी निदर्शनास आल्यास दुरुस्त करता येतात. अहवाल लिहिताना त्या सापडल्या तर उपयोग नसतो. पालकांची संमती घेणे, माहिती गुप्त राखणे आणि पूर्ण न होणारी आश्वासने न देणे, हे नियमही पर्यवेक्षकानेच रुजवावयाचे असतात.

सर्वांत महत्त्वाची बाब पाठपुराव्याची. दोन्ही पायांवर सूज असलेले, भूक मंदावलेले वा तीव्र कुपोषित बालक आढळल्यास त्याची माहिती त्याच दिवशी अंगणवाडी सेविका व आरोग्य कर्मचाऱ्यांना द्यावयास हवी. गुंतागुंत असलेल्या बालकास पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्याने स्वतः उपचार सुचवू नयेत. बालक सेवेपर्यंत पोहोचले की नाही, याची खात्री मात्र करावी.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. श्रेयांकांसाठी केवळ प्रश्नावल्या भरल्या गेल्या तर कुटुंबांचा वेळ वाया जाईल आणि विद्यार्थ्यांच्या हाती कौशल्यही लागणार नाही. म्हणून मूल्यमापनात अहवालाच्या पृष्ठसंख्येपेक्षा मोजमापांची अचूकता, दुसऱ्या व तिसऱ्या भेटीची नोंद आणि सेवेशी जोडून दिलेली बालके यांना अधिक गुण असावेत. असे झाल्यास क्षेत्रकार्याचा लाभ विद्यार्थी व वस्ती या दोघांनाही होईल.