हलक्या चाकाची तक्रार

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातील तीन मुले सायकलींवरून सातपुड्यातील एक घाट चढून आली. दोन पुतणे आणि एक पुतणी. तिघेही महाविद्यालयात शिकणारी. करडीच्या आमच्या घराभोवती जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या आणि तलावांच्या पाळी. त्यामुळे चढाव म्हणजे काय, हे या मुलांस फारसे ठाऊक नव्हते. वळणावळणाचा रस्ता, सागाचे रान आणि खाली उतरत गेलेली दरी यांची वर्णने ऐकून ती निघाली. निघताना घरातील वडील मंडळींनी वाघापासून पडशापर्यंत साऱ्या धोक्यांची यादी वाचून दाखविली. त्या यादीत नव्या रस्त्याचा समावेश नव्हता.

घाटात नुकतेच डांबरीकरण झाले होते. चढताना सायकल जड चालते, हात बधिर होतात, एवढेच मुलांच्या ध्यानात आले. उतरताना मात्र एका वळणावर पुतणीचे पुढचे चाक सुट्या गिट्टीवरून घसरले आणि ती रस्त्याच्या मधोमध फेकली गेली. मागून येणारी मालमोटार तिच्यापासून दोन हातांवर थांबली. तळहाताची साल गेली आणि मनगटाचे हाड चिरले, एवढ्यावर निभावले. ती मालमोटार थांबली नसती तर हा लेख लिहिण्यास आमचा हात उठला नसता.

घरी आल्यावर आजींनी एकच प्रश्न विचारला, “अरे, रस्ता नवा केला होता म्हणता ना? मग नव्या रस्त्यावर पोर पडली कशी?” प्रश्न भाबडा वाटला, तरी त्याचे उत्तर आम्हांस चटकन देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या घाटाचे आणि तेथील रस्ता करणाऱ्यांचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. कारण हा दोष एका घाटापुरता नाही.

जुन्या रस्त्याला नवा पृष्ठभाग देण्याची एक स्वस्त आणि रूढ रीत अशी आहे : रस्ता स्वच्छ झाडून त्यावर तापविलेले डांबर फवारावयाचे, लगेच बारीक गिट्टीचा एक थर पसरावयाचा आणि वरून रोलर फिरवावयाचा. ही गिट्टी १९, १३, १० किंवा ६ मिलिमीटर अशा मापांची असते. रीत मुळात वाईट नाही. डांबराच्या थरामुळे पावसाचे पाणी रस्त्याच्या पोटात शिरत नाही आणि वरच्या खरखरीतपणामुळे ओल्या रस्त्यावर मोटारीचे चाक घसरत नाही. ज्या घाटांत चार महिने पाऊस कोसळतो, तेथे या दोन्ही गोष्टींचे मोल मोठे आहे. तेव्हा रस्ता खरखरीत केला म्हणून कोणास दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु या कामाला एक शेवट असतो आणि तोच पुष्कळदा राहून जातो. पसरलेली सर्व गिट्टी डांबराला चिकटत नाही. थोडी सुटी राहतेच. गिट्टी धुळीने माखलेली किंवा ओलसर असेल तर अधिकच राहते. ही सुटी गिट्टी झाडून काढावयाची असते आणि तोपर्यंत वाहनांनी हळू जावे, अशी पाटी लावावयाची असते. झाडणी झाली नाही तर ते काम मोटारींची चाके आपल्या परीने करतात. आपल्या दोन चाकोऱ्या त्या स्वच्छ करून घेतात आणि गिट्टी रस्त्याच्या कडेला उडवितात. सायकलस्वारास तर कायदा आणि रूढी दोन्ही सांगतात की, तू कडेने चाल! अशा रीतीने मोटारींनी नाकारलेली सारी गिट्टी नेमकी त्याच्या वाट्यास येते. वळणावर अंग कलते असते, हात ब्रेकवर असतो आणि चाकाखाली दगडाच्या गोट्या असतात. आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

उरलेले अर्धे उत्तर चाकाच्या रुंदीत आहे. रस्ता करणाऱ्याच्या मनात जे चाक असते, त्या चाकाचाच रस्ता होतो, असे इतिहास पाहिला असता दिसून येते. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला, तेव्हा इंग्रजांच्या एका तुकडीने सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून स्वतः वाट करीत अवजड तोफा माणसांच्या हातांनी ओढून नेल्या. ती वाट तोफेच्या चाकाची होती. १८३० साली बोरघाटाचा रस्ता वाहतुकीस खुला झाला, तो बैलगाडीच्या चाकासाठी. आज घाटाचा पृष्ठभाग ठरतो तो मालमोटारीच्या रुंद, जाड चाकाकडे पाहून. त्या चाकाला १३ मिलिमीटरचा खडा जाणवतही नाही.

रस्तेबांधणीतील थोर पुरुष जॉन मॅकॅडम याने हे मर्म दोनशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. रस्त्यावरचा दगड त्यावरून जाणाऱ्या चाकाच्या रुंदीच्या मानाने बराच लहान असला पाहिजे, हे त्याच्या पद्धतीचे एक सूत्र. त्या काळी गाडीच्या लोखंडी धावेची रुंदी चार इंचांच्या आसपास होती. जो दगड मजुराच्या तोंडात मावत नाही तो आणखी फोडावा, अशी त्याच्या कामांवरची परीक्षा सांगतात. आता आपल्या घरोघरच्या साध्या सायकलीचा टायर पाहा : रुंदी सुमारे दीड इंच. शर्यतीच्या सायकलीचा तर एक इंच किंवा थोडा अधिक. मॅकॅडमचे सूत्र या चाकाला लावले, तर घाटातील वरच्या थराची गिट्टी किती बारीक हवी, हे सांगावयास इंजिनियर नको. खडबडीत पृष्ठभागावर सायकल प्रत्येक खड्यागणिक उसळते आणि स्वाराच्या पायांतील शक्तीचा काही भाग पुढे जाण्याऐवजी अंग हादरविण्यात खर्ची पडतो. बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. त्या उशीने हादरे पुष्कळ सोसले, परंतु तिलाही मर्यादा आहे.

येथे एखादा गृहस्थ म्हणेल, “हौसेखातर घाटात सायकल दामटणाऱ्या चार पोरांसाठी रस्ता बदलावयाचा काय?” हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु आज ज्या गुळगुळीत रस्त्यांवरून मोटारी धावतात, त्यांची मागणी प्रथम कोणी केली? इंग्लंडात सायकलस्वारांच्या संस्थांनी १८८६ साली रस्ते-सुधारणेसाठी मंडळ काढले, तेव्हा तेथे मोटार यावयाची होती. अमेरिकेतील सायकलस्वारांचा संघ १८८० सालचा. त्याने पुढे चांगल्या रस्त्यांची चळवळच उभारली आणि १८९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मासिक सुरू केले. हलक्या चाकाने तक्रार केली आणि तिचा लाभ जड चाकासही झाला. सायकलीला क्षुल्लक समजणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानानेच झाला.

आपल्या देशातही रस्त्यांचा विचार वेळोवेळी झाला आहे आणि त्यात आपल्या माणसांचा व आपल्या प्रांताचा वाटा आहे. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ साली रस्त्यांसंबंधी अहवाल दिला. त्यातून मध्यवर्ती रस्ते-निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. १९४३ साली मुख्य इंजिनियरांची परिषद आमच्या शेजारी नागपुरास भरली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, असे ध्येय तिने देशापुढे ठेविले. गावापर्यंत रस्ता नेण्याचे ते ध्येय होते. आता त्या रस्त्यावरून गावातील माणूस सुखरूप कसा जाईल, हे पाहण्याची पाळी आहे.

कारण हा प्रश्न घाटापुरता नाही आणि हौसेपुरता तर मुळीच नाही. करडीस सकाळी ओट्यावर उभे राहिले की, शाळेला निघालेल्या मुली सायकलींवरून जाताना दिसतात. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्य सरकार मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते. योजना उत्तम आहे. सायकल मिळाली म्हणून ज्यांचे शिक्षण सातवीवर थांबले नाही, अशा मुली आमच्या ओळखीच्या आहेत. परंतु सरकारचा एक हात सायकल देतो आणि दुसरा तिच्या वाटेवर सुटी गिट्टी टाकून जातो, हे शोभत नाही. या मुलींच्या मागे दप्तर असते, कधी धाकटी बहीण असते. आमची पुतणी घाटात पडली ती हौसेने गेली असता. यांना तर रोजच जावयाचे आहे.

मग करावयाचे काय? मागणे मोठे नाही. वरच्या थराला बारीक, स्वच्छ आणि कोरडी गिट्टी वापरावी. काम आटोपले की सुटी गिट्टी झाडावी, विशेषतः वळणांवर आणि कडेला. झाडणी होईपर्यंत घाटाच्या दोन्ही तोंडांशी सूचनेची पाटी असावी. थरावर थर चढून रस्ता उंच होतो, तेव्हा साइडपट्ट्यांत मुरूम भरून त्याच पातळीस आणाव्या. नाहीतर कडेवरून चाक खाली उतरले की स्वार पडलाच. या सर्वांत महाग असे काही असेल तर ती गिट्टी. झाडू तर स्वस्तच आहे.

तोपर्यंत सायकलस्वारांनीही सावध राहावे. वळणापूर्वीच वेग कमी करावा, वळणात ब्रेक करकचून दाबू नये, पुढचा व मागचा ब्रेक एकदम पण हलक्या हाताने लावावा. मागे वाहन नसेल तेथे मोटारींच्या स्वच्छ चाकोरीतून चालावे. एकामागून एक जाताना भरपूर अंतर ठेवावे.

आमच्या थोरल्या बंधूंनी घडलेल्या प्रकाराचा एक अर्ज लिहून पाठविला. त्यात राग नव्हता. दिनांक होता, वळणाजवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा होता आणि काय करावे याची चार ओळींत विनंती होती. महिन्याभराने तिकडून आलेल्या एका परिचितांनी सांगितले की, ते वळण आणि त्याच्या पुढचे एक झाडलेले आहे. बाकीची तशीच होती. अर्जाने सर्व काम होत नाही. पण जे दोन वळणांचे झाले ते अर्जावाचून झाले नसते, असा आमचा समज आहे. म्हणून आम्ही आता करडीच्या शाळेच्या वाटेसाठी दुसरा अर्ज लिहावयास घेतला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरची मुले सायकलीवरून जातात, त्यांनीही आपापल्या वाटेवरचा दगड पाहून त्याचा आकडा टिपून ठेवावा.

पुतणीचे मनगट आता बरे झाले आहे आणि येत्या हिवाळ्यात त्याच घाटात पुन्हा जाण्याचा तिचा बेत आहे. आजींनी तिला अडविले नाही. “जा, पण उतरताना माझी आठवण ठेव,” एवढेच त्या म्हणाल्या. धोक्यांच्या यादीत मात्र त्यांनी नवा रस्ता घालावयास लाविला आहे, आणि तोही वाघाच्या वर.