फुटबॉल आणि खेळाडूचे म्हातारपण

इंग्लंडातला फुटबॉल वाढला तो शनिवारच्या अर्ध्या सुटीवर. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही हळूहळू तीच सुटी मिळाली. ती मोकळी दुपार मैदानाने भरून काढली.

या खेळात ब्रिटन असे एक राष्ट्र नाहीच. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचे संघ निरनिराळे. तरी गंमत पाहा : १९६६ साली वेम्बलीवर इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रेक्षकांच्या हातांत बहुतेक युनियन जॅकच होते. इंग्लंडचा स्वतःचा लाल क्रूस सर्वत्र दिसू लागला तो १९९६ च्या युरोपीय स्पर्धेत.

पण हा अभिमान ज्यांनी मिळवून दिला, त्यांचे पुढे काय झाले? १९६६ च्या अंतिम सामन्यातील अकरांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी चार्ल्टन हे बंधू, अशा पाच जणांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठले. जेफ अॅस्टल हे वेस्ट ब्रॉमविच आल्बियनचे आघाडीचे खेळाडू, डोक्याने गोल मारण्यात नामांकित. खेळ सुटल्यावर त्यांनी खिडक्या धुण्याचा धंदा केला. २००२ मध्ये, ५९ व्या वर्षी, ते वारले. आपण कधी फुटबॉल खेळत होतो याचीही त्यांना आठवण उरली नव्हती, असे घरच्यांनी सांगितले आहे. पावसात भिजून जड होणारा चामडी चेंडू वर्षानुवर्षे डोक्यावर झेललेला. कोरोनरने मृत्यूचे कारण नोंदवले : 'औद्योगिक आजार'.

हे दोन शब्द वाचून आम्ही थबकलो. नुकसानभरपाईच्या अर्जांत आमची निम्मी हयात गेली. दुखणे कामाचे की वयाचे, हाच मालकाच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो. म्हातारपण हा मालकाचा फार सोयीचा साक्षीदार! कारण दुखापत एका दिवसाची नसते. प्रत्येक टोल्याने मेंदू कवटीत किंचित हादरतो. त्या वेळी काही जाणवत नाही, हिशेब तीस-चाळीस वर्षांनी पुढे येतो. ग्लासगोच्या संशोधकांना २०१९ मध्ये असे आढळले, की स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंत मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मरण येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये त्यांनी जागांप्रमाणे फोड केली. बचावफळीत हा धोका सुमारे पाच पट, आणि हातांनी चेंडू धरणारा गोलरक्षक मात्र जवळजवळ सामान्य माणसासारखाच! वय तर सगळ्यांचेच वाढले होते.

२०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात चेंडू डोक्याने मारायला शिकवणे बंद झाले. वडीलधाऱ्यांसाठी चेस्टरफील्ड गावात २०११ पासून निराळाच फुटबॉल सुरू झाला आहे. तो चालत खेळायचा. कोणी धावला, की पंच शिट्टी वाजवतो.