पळींज दिसते तेव्हा उशीर झालेला असतो

भात निसवलं की हिरव्या शेतात मधूनच पांढऱ्या, ताठ उभ्या लोंब्या दिसू लागतात. दाणा एकही भरलेला नसतो. ही पळींज. पाऊस ओढ देऊन गेला किंवा रोग पडला म्हणून ती आली, असं अनेकांना वाटतं. अशी लोंबी वर ओढून पाहावी. अलगद हातात आली आणि देठ खालून कुरतडलेला दिसला, तर ते काम पिवळ्या खोडकिड्याच्या अळीचं.

रात्री दिव्याभोवती जमणारा या किडीचा पिवळसर पतंग पीक खातो, हाही गैरसमजच. तो पीक खात नाही आणि जगतोही मोजके दिवस. पण मादी (तिच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो) पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि ती पिवळसर केसांनी झाकते. साधारण आठवडाभरात अळ्या निघतात, खोडात शिरतात आणि आतून पोखरत राहतात.

म्हणून पळींज दिसल्यावर केलेली फवारणी वाया जाते. त्या लोंबीचं अन्नपाणी आधीच तुटलेलं असतं. ती पुन्हा भरत नाही.

लावणीनंतर याच अळीमुळे चार पोंगे सुकलेले दिसताच पंप उचलण्याची घाईही तितकीच नुकसानीची. या गाभेमरीची भरपाई भात नवे फुटवे काढून बऱ्याच अंशी करतं. 5 टक्के फुटवे सुकले किंवा चौरस मीटरमागे एक अंडीपुंज सापडला, तरच औषधाचा विचार करावा, अशी शिफारस आहे. त्याआधी फवारलं तर कोळी आणि खोडकिड्याची अंडी नासवणारी ट्रायकोग्रामाची गांधीलमाशी मरते, आणि मग तपकिरी तुडतुडे बळावतात.

लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट केले तर त्यावरची अंडी जातात. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र कडा करपा असलेल्या भागात शेंडे खुडू नयेत. जखमेतून तो रोग पसरतो.

कापणी झाली की कीड संपली, हा समज सर्वांत महागात पडतो. अळ्या धसकटांच्या बुडाशी जिवंत राहतात. भात जमिनीलगत कापून लगेच नांगरट केली आणि धसकटं वेचून नष्ट केली, तर पुढच्या हंगामाचे पतंग तिथेच कमी होतात. हे काम एकट्याच्या खाचरात करून भागत नाही, कारण शेजारच्या बांधापलीकडून पतंग उडत येतात.