पाचगणीची पाच पोरे

शाळकरी पोरांनी काढलेल्या मंडळाचे आयुष्य ते किती! नाटकमंडळी असो की वाद्यवृंद. शेवटची परीक्षा आटोपली, ट्रंका बांधल्या, की मंडळ बुडालेच म्हणून समजावे. सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत १९५८ साली निघालेल्या एका मंडळाचीही गत हीच झाली. तरी त्याची कथा ऐकण्याजोगी आहे.

पाचगणी म्हणजे थंड हवा, टेबललँडचे पठार आणि निवासी शाळा. त्यांतल्या सेंट पीटर्स शाळेत वयाच्या आठव्या वर्षी झांझिबारहून एक पारशी मुलगा आला होता. नाव फरोख बलसारा. घर समुद्रापलीकडे, तेव्हा वसतिगृह हेच घर. मुख्याध्यापकांनी मुलाचा कान ओळखला आणि थोडी जादा फी भरून त्याला पियानो शिकवावा, असे आईवडिलांना पत्राने सुचवले. त्यांनी ते मानले. रेडिओवर ऐकलेली चाल हा पोरगा लगेच पियानोवर उतरवून दाखवी!

दिवस रॉक अँड रोलचे. आदल्याच वर्षी सी. रामचंद्रांनी ‘आशा’ चित्रपटात तो ठेका आपल्याकडे गाजवला होता. शाळेतल्या पाच मित्रांना वाटले, आपणही का वाजवू नये? ब्रूस मरे गायक, डेरिक ब्रँच गिटारवर, फरंग इराणी बेसवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर आणि बलसारा पियानोवर. मंडळाचे नाव ‘द हेक्टिक्स’. आपल्या भाषेत ‘धांदलखोर’ म्हणा. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या समारंभांत वाजवीत. ध्वनिमुद्रिका एकही निघाली नाही. चारेक वर्षांत शाळा संपत आली, पोरे पांगली, मंडळ मोडले.

पुढे राणा नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल झाले आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे त्यांनी नेतृत्व केले. इराणींनी पुण्यात उपाहारगृह चालवले. ब्रँच इंग्लंडात नट झाले. आणि बलसारा? १९६४ साली झांझिबारात क्रांती उसळली, तेव्हा त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० साली तिथे ‘क्वीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. शाळासोबत्यांनी ठेवलेले ‘फ्रेडी’ हे नाव त्याने कायम ठेवले. आडनाव तेवढे बदलले. तोच फ्रेडी मर्क्युरी! १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर, इथियोपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात, सत्तर हजारांहून अधिक माणसे त्याच्या सुरात सूर मिसळत होती. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

पण खरी गंमत पाचगणीतच आहे. ज्या गळ्याने पुढे जग जिंकले, तो तिथे मुख्य गायक नव्हताच! गाणारा दुसरा, हा पियानोशी बसून साथ करणारा. शाळेला त्याचे भविष्य दिसले होते असे नव्हे. तिने एक पियानो दिला, एक रंगमंच दिला आणि सवंगड्यांबरोबर धांदल करायची मोकळीक दिली. तेवढे पुरले.

आमच्या भंडाऱ्याकडे झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार रंगते. तिथेही साथीदारांच्या घोळक्यात एखादा शाळकरी पोरगा असतोच. त्याचे मंडळ दोन-चार वर्षांत मोडेल. त्याचा फ्रेडी मर्क्युरी होणार नाही, हेही बहुधा खरे. पण मंडळ टिकले नाही म्हणजे ते वाया गेले, असा हिशेब मांडू नये. ‘परीक्षा जवळ आली’ म्हणून त्याला उठवून घरी नेण्याआधी वडीलधाऱ्यांनी त्याचे एक गाणे तरी पुरते ऐकून घ्यावे.