वजनं, उड्या आणि साडेतीन सेंटिमीटरचा प्रश्न

‘वजन प्रशिक्षण व प्लायोमेट्रिक व्यायामांचा उभ्या उडीवर होणारा परिणाम’ हा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेलं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतंच. विषय वाईट नाही. पण ‘दोन्ही एकत्र केलं तर उडी वाढते’ एवढंच दाखवायचं असेल, तर ते काम तीस वर्षांपूर्वी झालंय. मग तुमच्यासाठी काय उरतं, ते आज बघू.

आधी मूळ अभ्यास

१९९२ साली अ‍ॅडम्स, ओशे आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांचे चार समान गट केले. एका गटाने फक्त स्क्वॉट केले, दुसऱ्याने फक्त प्लायोमेट्रिक, तिसऱ्याने दोन्ही, आणि चौथा नियंत्रित गट. आठवड्यातून दोन दिवस. पहिला आठवडा तंत्र शिकण्यासाठी आणि पुढचे सहा आठवडे प्रशिक्षण. उभ्या उडीत स्क्वॉट गटाची सरासरी वाढ ३.३० सेमी, प्लायोमेट्रिक गटाची ३.८१ सेमी आणि एकत्रित गटाची १०.६७ सेमी.

आकडे नीट बघा. पहिल्या दोन गटांची बेरीज ७.११ होते. म्हणजे एकत्र केल्यावर मिळालेलं फळ बेरजेपेक्षाही मोठं.

असं का व्हावं? उडी मारताना जमिनीला रेटायला जेमतेम पाव ते अर्धा सेकंद मिळतो. स्नायूला पूर्ण जोर लावायला पुरेसा वेळच मिळत नाही. वजनं उचलून जोराची कमाल मर्यादा वाढते, पण तो जोर झटकन बाहेर काढायची सवय त्यातून कमी लागते. प्लायोमेट्रिकमध्ये स्नायू आधी ताणला जातो आणि लगेच आकुंचन पावतो. त्यातून वेग येतो, पण मुळात जोरच कमी असेल तर तो वेग कशावर चालणार? एक बाजू भांडवल वाढवते, दुसरी ते पटकन वापरायला शिकवते.

आता मोजमापाकडे या

आपल्याकडे बहुतेक जण काय करतात? भिंतीशी उभं करून हात वर, खडूची खूण, मग उडी मारून दुसरी खूण. ही सार्जंट चाचणी, १९२१ पासूनची. स्वस्त आहे, चालते. पण माझ्या पायलटच्या वेळी मुलं पहिल्या दिवशी बुजली होती. तिसऱ्या दिवशी मधे कुठलाही व्यायाम न करता त्यांनी जास्त वर खूण केली. ताकद तीच होती, फक्त चाचणी सवयीची झाली होती. सराव चाचणी न घेता मी थेट प्रशिक्षण सुरू केलं असतं, तर ही वाढ माझ्या व्यायामाच्या नावावर जमा झाली असती.

मग कुणी म्हणतं, मोबाइलने शूट करून हवेतला वेळ मोजू. चांगली कल्पना. सेकंदात मोजलेल्या वेळेचा वर्ग करा, ९.८१ ने गुणा, ८ ने भागा, की उंची मीटरमध्ये मिळते. हवेत ०.५७ सेकंद म्हणजे साधारण ४० सेमी. पण साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल, तर एका फ्रेमची चूक म्हणजे या उंचीला जवळजवळ ४.७ सेमीची चूक! वरच्या अभ्यासातल्या स्क्वॉट गटाची अख्खी वाढ त्यात बुडाली. तेच २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये ही चूक साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर येते. शिवाय मुलगा गुडघे मुडपून खाली आला तर हवेतला वेळ उगाच वाढतो, तेव्हा तसा प्रयत्न बाद करायचा हे आधीच लिहून ठेवा.

गटांची तुलना

एकत्रित गटाने स्क्वॉटही पूर्ण केले आणि उड्याही पूर्ण मारल्या, तर त्याने मुळात कामच जास्त केलं. मग फायदा मिश्रणाचा की जास्त कामाचा? असा कुठलाही अभ्यास वाचताना आणि स्वतःचा आराखडा करताना हा प्रश्न आधी विचारा. शक्य असेल तर एकूण सेट आणि उड्या तिन्ही गटांत सारख्या ठेवा.

दुसरी चूक आकडेमोडीतली. प्रत्येक गटाची आधी-नंतरची टी-चाचणी करायची आणि म्हणायचं, ‘एकत्रित गटात फरक सार्थ, स्क्वॉट गटात नाही, म्हणून एकत्रित गट सरस.’ हा निष्कर्ष निघत नाही हो! दोन गटांतला फरक दाखवायचा तर गटांचीच थेट तुलना करायला हवी. पूर्वचाचणीचे गुण सहचल धरून अ‍ॅनकोव्हा करा. व्हायव्हाला हाच प्रश्न येतो.

मग पुण्यात काय करता येईल?

खो-खो घ्या. या खेळाचे नियम १९१४ साली इथेच, डेक्कन जिमखान्यावर बांधायला घेतले. पण खो-खोत खेळाडू सरळ वर किती वेळा उडतो? खांबावरून झेप पुढे जाते, पाठलागात दिशा बदलते. व्हॉलीबॉलच्या ब्लॉकला उभी उडी हा बरोबर मापदंड आहे. खो-खोला तीच चाचणी लावली, तर आकडा वाढेल पण खेळाबद्दल काही कळणार नाही. ‘उभ्या उडीत झालेली वाढ झेपेच्या अंतरात उतरते का?’ हा जुन्या विषयातून निघालेला तुमचा स्वतःचा प्रश्न होऊ शकतो.

शाळकरी मुलांवर काम करणार असाल तर तीन गोष्टी विसरू नका. पालकांची लेखी संमती. उंचावरून उड्या मारायला लावण्याआधी दोन पायांवर नीट, गुडघे आत न वळवता उतरता येतंय का, याची तपासणी. आणि नियंत्रित गट, कारण चौदा-पंधराच्या वयात मुलं नुसती वाढली तरी उडी वाढते.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक करा. येत्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारी, त्याच वेळी, त्याच दहा जणांची उडी मोजा. मधे काहीही शिकवू नका. दोन्ही दिवसांच्या आकड्यांत जो फरक पडेल, तो तुमच्या चाचणीचा स्वतःचा गोंधळ. तुम्हाला अपेक्षित असलेली वाढ त्याहून लहान असेल, तर विषय बदलू नका, आधी मोजायची पद्धत बदला.